आमचे मानकरी, मंडप व जनरेटर

डिचोलीच्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात मी पंचवीस वर्षं गणित शिकवतो आहे आणि या पंचवीस वर्षांत एकही प्रश्नपत्रिका मी वर्डमध्ये केलेली नाही. मी लाटेकमध्ये करतो. लाटेक हा पानं जुळवायचा प्रोग्राम. त्यात माऊसने फोटो धरून इकडून तिकडे ओढता येत नाही. आपण साध्या मजकुरात खुणा लिहायच्या, की हे शीर्षक, हा परिच्छेद, हे चित्र. मग तो ते सगळं वाचतो आणि स्वतःच्या हिशेबाने पानं बांधून देतो. स्टाफरूममध्ये मला म्हणतात, सर, वर्ड सोपं आहे. सोपं आहे म्हणूनच त्यांच्या प्रश्नपत्रिकेत वर्गमूळाचं छप्पर एका ओळीत आणि आकडा दुसऱ्या ओळीत असतो, हे मी त्यांना सांगत नाही. सांगितलं की चहा मिळत नाही.

लाटेक कामाला लागला की पडद्यावर इंग्रजी ओळी धावू लागतात. एकदा शालिनीने, म्हणजे माझ्या बायकोने, जाता जाता त्यातली एक ओळ वाचली. बॅडनेस दहा हजार, असं तिथे लिहिलं होतं. ‘कुणाचा?’ तिने विचारलं. ओळीतल्या शब्दांमध्ये फार जागा सुटली की तो असं लिहितो, हे मी तिला समजावलं. तिचा विश्वास बसला नाही. अशा सूचना तो देतो आणि पुढे जातो, थांबत नाही. त्या वाचायच्या असतात. हे मी मुलांना दर वर्षी सांगतो आणि जो वाचत नाही त्याला वर्गात उभा करतो. हे आत्ताच सांगून ठेवलेलं बरं.

मी नोकरी डिचोलीत करत असलो तरी राहतो गावात, पेडण्यात, कोरगावच्या पलीकडे. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर ते कुणाच्या सांगण्यावरून लिहिलं, यावर बैठक होईल.

आमच्याकडे देवळाचे महाजन असतात आणि त्यांच्या घराण्यांच्या गटांना वांगड म्हणतात. आमच्या देवळाचे दोन वांगड. एकाचे प्रमुख दत्तारामबाब, खाणी चालू होत्या तेव्हा त्यांचे चार ट्रक होते. दुसऱ्याचे बाबुरावबाब, काजूचे बागायतदार. अकरा वर्षांपूर्वीच्या जत्रेत भटजींनी दोघांना मानाचे नारळ एकाच वेळी दिले, दोन हातांत दोन. पण भटजींचा उजवा हात बाबुरावबाबांच्या बाजूला होता. उजवा तो पहिला, असं बाबुरावबाबांच्या माणसांनी धरलं. दत्तारामबाबांच्या माणसांनी नारळ परत ठेवला. ती धरून अकरा जत्रा झाल्या आणि अकराही वेळा पालखी सभामंडपाच्या बाहेर पडली नाही. कोण पुढे चालणार हे ठरल्याशिवाय कोणी खांदा देईना.

आमचं घर कुठल्याच वांगडात नाही. माझे आजोबा सावंतवाडीकडून आले, म्हणून आम्ही तिसऱ्या पिढीतही भायले, म्हणजे बाहेरचे. पण पालखी आमच्या दारात थांबायची. आई, पद्मावती तिचं नाव, लग्न होऊन आल्यापासून दर वर्षी दारात पालखीला ओवाळायची. या अकरा वर्षांतही जत्रेच्या दिवशी ती तबक तयार करून दारात बसायची आणि काळोख पडला की निरांजन तुळशीपुढे ठेवायची. पालखी येणार नाही हे तिला माहीत असायचं. तरी कापूस वळायची. गेल्या वर्षी ती पडली, कंबरेचं हाड मोडलं, आणि देवळाच्या बावन्न पायऱ्या तिच्यासाठी संपल्या.

‘माका आता चडूंक जमना,’ ती मला म्हणाली. ‘देवाकच येवंक जाय. आनी तेकां सांग, माझ्याकडे रवण्यासारको वेळ ना.’

तेकां म्हणजे त्या दोघांना, रवणं म्हणजे थांबणं. सांगणार मी. मी भायलो, माझं कोण ऐकणार. मला त्या दोन म्हाताऱ्यांचा इतका राग यायचा की मी देवळात गेलो तरी त्यांच्याकडे न बघता घंटा वाजवून परत यायचो.

यंदा देवळाच्या जीर्णोद्धाराला शंभर वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं. बावन्न पानं, सहाशे प्रती. काम माझ्याकडे आलं, कारण मी कुठल्याच वांगडाचा नाही आणि माझ्याकडे कॉम्प्युटर आहे. पहिल्या बैठकीत पहिलाच प्रश्न निघाला, पहिल्या पानावर कुणाचा फोटो आधी.

देवाला कौल लावला. भटजींनी मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर दत्तारामबाब, डावी पडली तर बाबुरावबाब. आम्ही दीड तास बसलो. पाकळ्या हलेनात. शेवटी एक पडली, पण ती पंख्याच्या वाऱ्याने पडली असं बाबुरावबाब म्हणाले. पंखा बंद करून पुन्हा लावल्या, तर देव अजिबात बोलला नाही. मला देवाचं वागणं पटलं. मीही बोललो नसतो.

मी गप्प बसायला हवं होतं. पण कंटाळलेला मास्तर गप्प बसत नाही. मी म्हटलं, माझ्या प्रोग्राममध्ये फोटो कुठे बसवायचा हे माणूस ठरवत नाही. चित्र तरंगतं असतं. आपण फक्त कुठल्या जागा चालतील ते सांगायचं, पान बघून नक्की कुठे घालायचं ते तोच ठरवतो.



‘सर,’ दत्तारामबाब म्हणाले, ‘तुमच्या मशिनाक वांगड आसा?’

‘ना.’

‘तो खंयचो?’ बाबुरावबाबांनी विचारलं.

‘अमेरिकेतलो.’

‘मगे तेकाच ठरवूं दी.’

आणि ठरावच झाला. स्मरणिकेत फोटो जसे येतील तसा मान. त्याच क्रमाने नारळ, त्याच क्रमाने पालखीबरोबर चालायचं. देवाला जे जमलं नाही ते माझ्या लॅपटॉपकडे दिलं. दोघेही लगेच तयार झाले, कारण दोघांचीही खात्री होती की शिकलेली वस्तू आपल्यालाच ओळखणार. घरी येऊन मी आईला सांगितलं. तिने लॅपटॉपकडे बराच वेळ बघितलं आणि शालिनीला म्हणाली, ‘त्येचेर आंगो मार गे.’ म्हणजे त्याच्यावर फडकं मार.

आता खरी गोष्ट अशी की लाटेक जागा ठरवतो, क्रम ठरवत नाही. फाईलमध्ये ज्याचं चित्र आधी लिहिलं त्याचं पानावर आधी येणार. ते लिहिणार मी. हे मी बैठकीत सांगितलं नव्हतं. द आधी आणि ब नंतर म्हणून मी दत्तारामबाबांचं आधी लिहिलं आणि चार दिवस मला नीट जेवण गेलं नाही. एक हरणार हे नक्की होतं. हरलेला नारळ परत ठेवणार आणि आई पुन्हा तबक घेऊन दारात बसणार.

फोटो हातात नव्हते म्हणून नमुना काढताना मी दोघांच्या जागी मोबाईलमधले दोन फणसांचे फोटो घातले. पहिलं पान छान बसलं. वर ‘आमचे मानकरी’ हे शीर्षक, त्याखाली एक फणस, मधे दोन ओळींचं स्वागत, मग दुसरा फणस, आणि खाली आभारांची यादी. बैठकीत कागद फिरला.

‘ह्यातलो माझो फणस खंयचो?’ बाबुरावबाब.

‘अजून ठरूंक ना,’ मी म्हटलं.

‘माका वरचो दिसता,’ ते म्हणाले. दत्तारामबाबही कागदावर बोट ठेवून त्यांच्या माणसाला वरचाच फणस दाखवत होते. मी दोघांनाही काही म्हटलं नाही. याला भित्रेपणा म्हणतात, मला माहीत आहे.

फोटो आले शेवटच्या दिवशी. दत्तारामबाबांच्या सुनेने, सेजलने, दुपारी व्हॉट्सॲपवर पाठवला. पासपोर्ट साईझ नव्हे. धोतर, उपरणं, काठी, मागे उभा केलेला टिपर ट्रक, डोक्यापासून चपलांपर्यंत पूर्ण माणूस. ही बातमी वाड्यावरून फिरून बाबुरावबाबांपर्यंत किती वेळात पोचली ते मला ठाऊक नाही, पण चाळीस मिनिटांनी त्यांचाही आला. काजूच्या झाडाखाली उभे, आणि झाडही शेंड्यापर्यंत आलं पाहिजे अशी अट. छापखान्याने सहा वाजेपर्यंत फाईल मागितली होती. मी फणस काढले, माणसं घातली, आडव्या फणसांची रुंदी उभ्या माणसांना तशीच ठेवली, लाटेक चालवला, ओळी धावल्या, पानं बावन्न आली, ठरली होती तितकीच. फाईल पाठवली. सूचना वाचल्या नाहीत.

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी गठ्ठे घरी आले. शालिनीने वरची प्रत पहिल्या पानावर उघडली.

‘आमचे मानकरी,’ तिने मोठ्याने वाचलं. ‘मंडप, खुर्च्या व जनरेटर.’

मी प्रत हिसकावली. तसंच होतं. वर ठळक अक्षरांत ‘आमचे मानकरी’, खाली स्वागताच्या दोन ओळी, आणि त्याखाली लगेच आभारांची यादी वर सरकलेली, मंडप, खुर्च्या, जनरेटर, ध्वनिक्षेपक. फोटो नव्हते. दुसऱ्या पानावर नव्हते, दहाव्या पानावर नव्हते. देवळाचा इतिहास गेला, कार्यक्रम गेला, जाहिराती सुरू झाल्या, पंक्चरवाला, बेकरी, काजूवाले, जाहिराती संपल्या. आणि मग पान एक्कावन्नवर दत्तारामबाब, टिपरसह. पान बावन्नवर बाबुरावबाब, झाडासह.

मी लॅपटॉप उघडून सूचना वाचल्या. दोनच ओळी होत्या, स्पष्ट, सभ्य भाषेत. हे चित्र पानाच्या मानाने फार मोठं आहे. हेही फार मोठं आहे. पंचवीस वर्षं ज्या ओळीवरून मी पोरांना उभं केलं तीच ओळ. पुन्हा छापायला वेळ नव्हता. मी ओट्यावर डोकं धरून बसलो. आई आत कापूस वळत होती. मला बघून तिने विचारलं, ‘आयलीं पुस्तकां? बरी जालीं?’ मी हो म्हटलं. माझ्या आयुष्यात मला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

दुपारी देवळात गेलो. सभामंडपात दोन्ही वांगड बसले होते, मधे चटई मोकळी. मी प्रती वाटल्या आणि उभा राहिलो. पानं उलटण्याचा आवाज सुरू झाला. पहिल्या पानावर सगळे थांबले. मंडपवाला संदीप खांबाजवळ उभा होता, त्याने आपलं नाव मानकऱ्यांत वाचलं आणि हळूच शर्टाची वरची गुंडी लावली.

‘सर,’ दत्तारामबाब शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज फार शांत होता. ‘माझो फोटो पंक्चरवाल्याच्या फाटल्यान कसो?’ फाटल्यान म्हणजे मागे.

‘आनी माझो तेच्या फाटल्यान,’ बाबुरावबाब.

‘ह्यां तुमी केलां, की मशिनान?’ दत्तारामबाबांनी विचारलं.

समोर गाभारा उघडा होता. खोटं बोलायचं तर तेवढी एक जागा सोडून कुठेही बोललो असतो. मी जे झालं ते सांगितलं.

‘मी तेका दोनच जागे दिल्ले. पानाच्या माथ्यार, नाय तर मजकूर आसा थंय. फोटो इतले व्हड की खंयच मावले नाय. पयलो अडून रवलो. पयलो अडलो की लाटेक दुसऱ्याक फुडे सोडना, तोय अडलो. दोगांसाठी तो थांबना. बाकीचां पुस्तक तेंका सोडून फुडे गेलां. सगळां संपल्यार मग शेवटाक तेंका जागो मेळलो.’

मी फक्त चित्रांबद्दल बोलत होतो. खरंच सांगतो. फळ्यासमोर जसं बोलतो तसं. पण बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मंडपात कुणीच ते चित्रांबद्दल ऐकलं नव्हतं. मागच्या रांगेतली तरुण माणसं, ज्यांनी अकरा वर्षांत एकदाही पालखी खांद्यावर घेतली नव्हती, खाली बघत होती. बाबुरावबाबांनी चष्मा काढला, पुसला, आणि तो पुसायचा राहिलाच नव्हता तरी पुन्हा पुसला.

‘म्हणजे आमी सोडून बाकी सगळां सारकां छापलां,’ दत्तारामबाब म्हणाले.

‘हय,’ मी म्हटलं.

दोघांनी पुन्हा प्रती उघडल्या. मला वाटलं आता नारळ परत ठेवणार, चटया गुंडाळणार. बाबुरावबाबांनी मागचं कव्हर उघडून मांडीवर पसरलं. त्यांच्या पानासमोर, कव्हरच्या आतल्या बाजूला, छापखान्याने पालखीचा फोटो छापला होता. तो तिथेच छापायचा होता, त्याचा लाटेकशी संबंध नव्हता. बाबुरावबाब त्या फोटोकडे बघत राहिले.

‘मिरवणुकीत पालखी सगळ्यांच्या फाटल्यान येता,’ ते सावकाश म्हणाले. ‘पालखीक जो लागून चलता तो व्हड मानाचो. माझ्या बाजूक पालखी आसा.’

‘आसा,’ दत्तारामबाब म्हणाले. ‘पूण तुज्या फुडे मी आसा.’

‘फुडे तू आसा,’ बाबुरावबाब म्हणाले.

‘आनी पालखीकडे तू.’

‘मशिनान तशां घातलां मरे.’

‘मशिनान घातलां.’

भटजी दोन हातांत दोन नारळ घेऊन कधीचे उभे होते. दत्तारामबाबांनी हात पुढे केला आणि पहिला घेतला. बाबुरावबाबांनी शेवटचा घेतला. दोनच होते.  घरी जाऊन मी आईला एवढंच म्हटलं की उद्या कापूस जरा जास्त वळ.  ती रडली नाही, पण त्या दिवशी जेवताना तिने दोनदा भात घेतला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ढोलांचा आवाज देवळाकडून खाली उतरू लागला तेव्हा शालिनीने खुर्ची दारात आणली होती. सकाळीच सारवलेल्या अंगणावर रांगोळी होती. आई नऊवारी नेसून, तबक मांडीवर घेऊन बसली होती. बारा वर्षं त्या रस्त्याला पालखीची सवय नव्हती, वाटेत वीजवाल्यांची तार खाली आलेली, कुणाचं कुंपण पुढे सरकलेलं, त्यामुळे पालखी थांबत थांबत आली. पुढे दत्तारामबाब, नारळ छातीशी. मग तरुण पोरं, मग पालखी, आणि पालखीच्या दांड्याला हात लावून बाबुरावबाब. पुस्तकात होते तसेच, फक्त टिपर आणि झाड नव्हतं.

पालखी दारात थांबली. आईला उठवत नव्हतं, म्हणून पोरांनी गुडघे वाकवून पालखी तिच्या खुर्चीसमोर खाली आणली आणि तशीच धरून ठेवली. आईने तबक उचललं आणि ओवाळलं. एकदा. मग थांबली नाही, पुन्हा ओवाळलं. तिसऱ्यांदा ओवाळताना माझ्या लक्षात आलं की ती तोंडातल्या तोंडात मोजते आहे.

‘आई,’ मी हळू म्हटलं, ‘पुरे. पोरांचे गुडघे.’

‘अकरा वर्सांचे रवले आसत,’ ती म्हणाली. ‘आनी यंदाचो एक.’

 पोरांनी गुडघे तसेच वाकवून ठेवले. चार झाले, पाच झाले. सहाव्याला तबक एका बाजूला कललं, निरांजनातलं तेल काठावर आलं. ती थांबणार नव्हती. तिला थांबवायची माझी हिंमत नव्हती आणि पुढे व्हायची बुद्धीही मला झाली नाही. दोन म्हातारे हात दोन बाजूंनी पुढे आले, एकाने नारळ खाली ठेवला होता, दुसऱ्याने पालखीचा दांडा सोडला होता. एकाने आईचं उजवं कोपर धरलं, दुसऱ्याने डावं. मग तबक पुन्हा सरळ झालं आणि सात, आठ, नऊ, असं बारापर्यंत नीट फिरलं.

कोपर आधी कुणी धरलं हे मी अगदी जवळून पाहिलं आहे. लिहीत नाही.